बापाच्या नावाचा रकाना आणि मद्रासच्या मुथुलक्ष्मीबाई

माझ्या नोकरीतली नऊ वर्षं 'संजय गांधी'च्या टेबलावर गेली. महसूल खात्यातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. बाकीच्यांसाठी सांगते. संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासून आपल्या राज्यात चालू असलेली. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, आईबाप नसलेली पोरं असे सगळे त्या टेबलासमोर येऊन उभे राहतात. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं एक तहसील कार्यालय. खिडकीला गज, गजांपलीकडे लिंबाचं झाड, आणि बाजारच्या दिवशी त्या झाडाखाली पहिल्या एसटीने आलेल्या बायका कागदांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या. पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

२०१२ चा उन्हाळा. पाऊस नव्हता, चारा छावण्या सुरू झालेल्या, निम्मं ऑफिस टँकरच्या कामाला लागलेलं. त्या दिवसांत एक बाई आली. तिला मी इथे सुंद्राबाई म्हणते, खरं नाव वेगळं. पंचावन्नच्या आसपास वय, कपाळावर भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, केसांची जट पाठीवर गाठोड्यासारखी बांधलेली. मी अर्ज भरायला घेतला. नाव सांगितलं तिने. पुढचा रकाना पतीचं किंवा वडिलांचं नाव.

"न्हाई," ती म्हणाली.

"वारले का?"

"तसं न्हवं, बाई. माझी आईबी देवाचीच हुती. मला नवराबी न्हाई, बापाचं नावबी न्हाई. तिथं यल्लमा लिवा."

मी पेन खाली ठेवलं. रांगेत मागे तीस-चाळीस माणसं. शेजारच्या टेबलावरच्या शिपायाने मान वर केली आणि परत खाली घातली. मी सुंद्राबाईंना म्हणाले, "मावशी, तसं चालत नाही." आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

ती रेघ माझ्या डोक्यातून कधी गेली नाही.

पुढे ते प्रकरण परत आलं. शेरा होता : 'त्रुटी. देवदासी असल्याबाबत पुरावा सादर करावा.' योजनेच्या निकषांत देवदासी हा शब्द आहे, त्यामुळे ती पात्र होती. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं होतं, तिचं त्याच्या जवळपाससुद्धा नव्हतं. पण पुरावा कुठून आणायचा? देवाला सोडणं हा गुन्हा. म्हणजे ते कुणी केलेलंच नसतं. देवळाचा पुजारी म्हणाला, आम्ही मुत्तू (देवीला सोडताना गळ्यात बांधायचे मणी) बांधलेच नाहीत. पोलीस पाटील म्हणाला, आमच्या गावात असली प्रथा नाही. अख्ख्या गावाला ती जोगतीण म्हणून माहीत, दर मंगळवारी-शुक्रवारी तिच्या परडीत पीठ घालणारी गावचीच माणसं. पण जी गोष्ट कायद्याने घडूच शकत नाही, ती घडल्याचा दाखला द्यायला कोण पुढे येणार?

त्या वेळी मी जे केलं ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मावशी, परित्यक्ता म्हणून अर्ज करू या. नवऱ्याने टाकलं असं लिहू. लवकर होईल." मला वाटलं मी तिच्या भल्याचं बोलते आहे. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला कुणी टाकलं न्हाई, बाई. मला सोडलं. टाकणं येगळं, सोडणं येगळं." आणि कागदांची पिशवी उचलून निघून गेली.

ती परत आली तेव्हा बरोबर पाच जोगतिणी होत्या. त्यांचे जबाब घेऊन, पंचनामा करून, प्रकरण समितीपुढे ठेवून मंजूर व्हायला पहिल्या अर्जापासून चौदा महिने लागले. तेव्हा महिन्याला ६०० रुपये मिळायचे. मागचे चौदा महिने अर्थातच बुडाले, पैसे मंजुरीपासून पुढचे मिळतात.

मी २०१९ ला निवृत्त झाले. सांगलीत विश्रामबागला राहते. माझी भाची पुण्यात कायद्याचं शिकते. गेल्या दिवाळीत तिने मला विचारलं, "मावशी, तुझ्या टेबलावर देवदासी यायच्या ना? मग तू मुथुलक्ष्मी रेड्डी वाचलीस का?" मी नाव फक्त ऐकलं होतं, सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या स्त्री विधिमंडळ सदस्य, एवढी एक ओळ. भाचीने त्यांच्या भाषणांबद्दलचे, कायद्यांबद्दलचे कागद पाठवले. सगळं इंग्रजीत. मी शब्दकोश शेजारी घेऊन दोन महिने रोज संध्याकाळी वाचत बसले. आणि वाचताना सारखी सुंद्राबाई समोर.

मुथुलक्ष्मीबाईंचा जन्म ३० जुलै १८८६ चा, पुदुकोट्टई नावाच्या संस्थानातला. वडील नारायणस्वामी अय्यर, तिथल्या महाराजा कॉलेजचे प्राचार्य, ब्राह्मण. आई चंद्रम्माळ, देवदासी समाजातली. ही दोन वाक्यं वाचून मी थांबले. म्हणजे सभागृहात ज्या प्रथेवर त्या बोलायला उभ्या राहिल्या ती त्यांच्या आईच्या घरातली होती. त्यांना कॉलेजात घ्यायला लोकांनी विरोध केला, मुलं बिघडतील म्हणून. राजाने प्रवेश दिला. १९०७ ला मद्रास मेडिकल कॉलेजात गेल्या, १९१२ ला डॉक्टर झाल्या. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी लग्न केलं, आपल्याला बरोबरीने वागवायचं ही अट घालून.

आणखी एक गोष्ट. तमिळमध्ये 'मुत्तु' म्हणजे मोती. आपल्याकडे सीमेलगतच्या भागात देवीला सोडताना मुलीच्या गळ्यात बांधतात त्या मण्यांनाही मुत्तूच म्हणतात, शब्द कानडीतून आलेला. मी तो शब्द शेकडो वेळा ऐकला होता, कधी नावात पाहिला नव्हता.

मद्रास इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क १९२१ मध्ये मिळाला, तोही मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्यांना. विधिमंडळात बसायची मुभा १९२६ मध्ये. त्यानंतर लगेच महिला संघटनांच्या आग्रहाने सरकारने मुथुलक्ष्मीबाईंची नेमणूक केली, आणि सभागृहाने त्यांना उपाध्यक्ष निवडलं. दवाखाना सोडून राजकारणात जायला त्या आधी तयार नव्हत्या, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. ज्या बाईला रोज बाळंतिणी तपासायच्या आहेत तिला भाषणं कशाला सुचतील?

पण त्यांचे ठराव बघितले की डॉक्टरीण कुठे जात नाही. शाळेतल्या मुलामुलींची वैद्यकीय तपासणी व्हावी. बायका-मुलांसाठी वेगळा दवाखाना हवा. गरीब मुलींची फी कमी करा. लहानपणीच्या लग्नाचं वय वाढवण्याचा प्रश्न दिल्लीत सारडांच्या विधेयकामुळे चर्चेला आलेला, त्याला त्यांचा पाठिंबा. मी नऊ वर्षं जी कागदपत्रं हाताळली त्यातल्या निम्म्या गोष्टी त्या बाईने शंभर वर्षांपूर्वी सभागृहात मांडून ठेवल्या होत्या. हे सगळं वाचताना चांगलं वाटतं, पण मला त्यात फार वेळ घालवायचा नाही. मला देवदासींच्या ठरावाकडे यायचं आहे.

नोव्हेंबर १९२७. मुथुलक्ष्मीबाईंनी ठराव मांडला की हिंदू देवळांत मुली वाहण्याची प्रथा कायद्याने बंद करावी. विरोध झाला, सत्यमूर्तींसारखे नावाजलेले वक्ते विरोधात होते. धर्म, परंपरा, कला हे मुद्दे आले. दंड संहितेची ३७२ आणि ३७३ ही कलमं तेव्हा होती, अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं-विकत घेणं हा गुन्हा होताच. मग नवीन कायदा कशाला? मला या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकातून शोधावं लागलं नाही. सात-आठ वर्षांच्या पोरीला हळद लावून, हिरवा चुडा भरून देवळात नेतात तेव्हा तिथे विकणारा कोण आणि घेणारा कोण? सगळे नातेवाईक. हातात नारळ. कलम ३७२ लावायला फौजदार त्या देवळात जाईल का? आणि पुढे पोरगी वयात आल्यावर जे होतं, त्याचा त्या दिवसाच्या नारळाशी संबंध कोर्टात कोण लावून दाखवणार? म्हणून मुळातच, वाहण्याचा विधी बंद करायचा, हा त्यांचा आग्रह.

ठराव मंजूर झाला. आणि त्यानंतर १९२९ मध्ये जो कायदा झाला, तो वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

झालं असं की मद्रासकडच्या मोठ्या देवळांत देवदासींना इनाम जमिनी होत्या. देवापुढे नाचायचं, आरती ओवाळायची, चवरी ढाळायची, त्या सेवेच्या बदल्यात जमीन किंवा जमिनीचा सारा. ही जमीन सेवेच्या अटीवर. सेवा थांबली की जमीन गेली. महसुलातल्या माणसाला हे एका क्षणात कळतं, आपल्याकडे वतनं अशीच होती. आता घरात एक म्हातारी देवदासी आहे. तिच्यानंतर सेवा कोण करणार? मुलगी वाहिली तर जमीन राहणार, नाही वाहिली तर जाणार. मग ती मुलीला वाहणारच. त्या घरातली श्रद्धा खरी असेल, मी तिला खोटं म्हणत नाही. पण श्रद्धेच्या पाठीशी एक सातबारा उभा होता.

१९२९ च्या दुरुस्तीने ती गाठ सोडवली. सेवेची अट काढून टाकायची, आणि जमीन तिच्याकडून काढून न घेता तिच्याच नावावर मोकळी करायची, सरकारला थोडा आकार भरून. म्हणजे आता तिने मुलीला वाहिलं नाही तरी जमीन जात नाही. तिला सेवा सोडायची असेल तर उपाशी मरावं लागत नाही.

मी हे भाचीला फोनवर सांगताना माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, "मावशी, इतकं काय?" मी म्हटलं, अगं, चौतीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथा बंद करणारे कायदे बघितले, परिपत्रकं बघितली, समित्या बघितल्या. 'उद्या ती बाई खाणार काय' हा प्रश्न कायद्याच्या आतच सोडवलेला मी कधी बघितला नव्हता. तो बाहेर सोडलेला असतो, आणि मग चाळीस वर्षांनी तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहतो.

आता आपल्याकडचं बघा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९२० मध्येच या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा आला. वाहणं बेकायदा, आणि वाहिलेल्या बाईने लग्न केलं तर ते कायदेशीर. पण मुंबईचा कायदा इलाख्याचा. तेव्हाचा आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. तासगाव, वाळवा, खानापूर इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. सांगली-मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं. संस्थानात मुंबईचा कायदा चालत नव्हता. बैलगाडीने अर्धा दिवस गेलं की कायदा मागे राहायचा, आणि देवी सगळीकडे तीच. सुंद्राबाईची आई १९४० च्या आसपास सोडलेली, संस्थानातल्या गावात. १९४८ ला संस्थानं विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. सुंद्राबाई सोडली गेली ती कायदा लागू असलेल्या सांगली जिल्ह्यात, साठ-पासष्टच्या मागेपुढे. घरात पाठोपाठ पोरी, मग हिच्या केसात जट आली. जट म्हणजे देवीचं बोलावणं. तिला सौंदत्तीला, यल्लमादेवीच्या ठाण्याला नेलं. तेव्हाचं तिला फक्त गाडीतून पडलेला भंडाऱ्याचा डबा आठवत होता आणि त्यावरून आईने दिलेला मार.

आपल्या जोगतिणींना इनाम जमीन कधीच नव्हती. बहुतेक सगळ्या दलित, भूमिहीन घरातल्या. त्यांचं उत्पन्न म्हणजे परडी आणि जोगवा, जत्रेत चौंडकं वाजवून मिळतील ते पैसे, आणि एखाद्या माणसाने ठेवलं तर त्याने दिलेलं धान्य. त्यामुळे मद्रासच्या कायद्याची नक्कल इथे करता आली नसती, मोकळी करायला जमीनच नव्हती. पण विचार घेता आला असता. बंदी घालताना पहिल्याच कलमाबरोबर दुसरं कलम असायला हवं होतं की हिच्या नावावर काय करायचं. राज्यात त्यानंतर नवा, जास्त कडक कायदा आला तो २००५ चा. मधली सत्तर वर्षं. या मधल्या काळात गडहिंग्लज-निपाणीकडे चळवळ उभी राहिली, परिषदा झाल्या, जट कापण्याचे कार्यक्रम झाले, त्यातून अनुदानं आणि मुलांसाठी सवलती मिळाल्या. ते सगळं रस्त्यावरच्या बायकांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळवलं. आधी बंदी, पोटाचं खूप नंतर.

मुथुलक्ष्मीबाईंचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांच्या लिखाणात देवदासींबद्दल जी भाषा आहे ती मला बोचते. अपवित्र जीवन, रोग, समाजाला लागलेला कलंक. डॉक्टर म्हणून त्यांनी रोग पाहिले होते, आईच्या घराचं दुःख पोटात होतं, हे मी समजू शकते. तरीही. तेव्हा मद्रासच्या देवदासींनी एकत्र येऊन सरकारकडे अर्ज दिले होते की आम्ही कलावंत आहोत, आमच्याकडे मालमत्ता आहे, वारसाहक्क आहे, आम्हाला वेश्या म्हणू नका. त्यांचं म्हणणं सभागृहात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही, ऐकण्याची सोयच नव्हती. आणि पुढे त्यांचं नृत्य वरच्या जातींच्या मुली रंगमंचावर करू लागल्या, त्यांना मान मिळाला. मूळच्या बायकांना नाही.

सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, १९९६ पासून काम करणारी. त्यात कितीतरी जणी देवदासी समाजातून आलेल्या. त्यांना मी एकदा एका कार्यक्रमात बोलताना ऐकलं. आमच्याबद्दल बोलताना आम्हाला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी तेव्हा नोकरीत होते, मागच्या रांगेत बसले होते, आणि मला सुंद्राबाईचं 'टाकणं येगळं, सोडणं येगळं' ऐकू येत होतं. मी तिला न विचारता तिचा वर्ग बदलायला निघाले होते. माझा हेतू वाईट नव्हता. मुथुलक्ष्मीबाईंचाही नव्हता.

तरीसुद्धा मी त्यांच्या बाजूची आहे. कारण त्या बोलून थांबल्या नाहीत. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेच्या निषेधात त्यांनी सभागृहाचा राजीनामा दिला. नियुक्तीने मिळालेलं पद, उपाध्यक्षपद, सगळं सोडलं. त्याच सुमाराला देवदासी घरातल्या तीन मुली त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, असं सांगतात. त्यांना कुठलंही वसतिगृह घेत नव्हतं. मुथुलक्ष्मीबाईंनी त्यांना स्वतःच्या घरात ठेवलं, आणि त्यातून अव्वई होम उभं राहिलं. सभागृहात 'प्रथा बंद करा' म्हणणाऱ्या बाईच्या दारात त्या प्रथेतल्या मुली आल्या तेव्हा दार उघडलं गेलं, हे माझ्यासाठी शंभर भाषणांपेक्षा मोठं आहे.

आणि त्यांना वाट बघावी लागली. १९२९ च्या कायद्याने जमिनी मोकळ्या झाल्या, पण मुलगी वाहणं हा सरसकट गुन्हा ठरवणारा मद्रासचा कायदा १९४७ च्या ऑक्टोबरात आला. वीस वर्षं. या काळात त्या लिहीत राहिल्या, दवाखाना चालवत राहिल्या. बहिणीचा कर्करोगाने मृत्यू झाला होता, त्याचं दुःख धरून १९५४ मध्ये अड्यारला कर्करोग रुग्णालय सुरू केलं. २२ जुलै १९६८ ला त्या गेल्या. तेव्हा सुंद्राबाई दहा-बारा वर्षांची असेल. गळ्यात मुत्तू बांधून झालेले.

मला कुणी विचारेल की सांगलीच्या एका निवृत्त कारकुनाला मद्रासच्या बाईचं एवढं काय. मार्गशीर्षात जतला यल्लमाची जत्रा भरते. पूर्वी मी ड्यूटीवर असायचे, कायदा-सुव्यवस्था आणि पाणीटंचाईच्या कामाला. त्या पुनवेला रांडाव पुनव म्हणतात, त्या दिवशी जोगतिणी चुडा फोडतात. देवीचा नवरा मारला गेला म्हणून त्या सगळ्या त्या दिवसापुरत्या विधवा होतात. पुढे आहेव पुनवेला परत हिरव्या बांगड्या भरतात. सुंद्राबाई मला म्हणाली होती, "वरसात म्हयनाभर मी इधवा असती, बाई. तेवढ्या म्हयन्याचं इधवा पेन्शन तरी द्या." ती विनोद करत नव्हती. ती माझ्या फॉर्मचे रकाने नीट वाचून, समजून, स्वतःला कुठे बसवता येईल ते शोधत होती.

मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी आपल्या राज्यात सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम आला. भाचीने तो शासन निर्णय मला पाठवला तेव्हा मी तो छापून घेतला आणि कपाटात ठेवला. सुंद्राबाईची नात आता शाळेत जाते. तिची आई शिवणकाम करते, मिरजेला राहते. नातीला देवाला सोडलेली नाही. सुंद्राबाईच नको म्हणाली, जट आली तेव्हा तिने स्वतःच तेल लावून, कंगव्याने महिनाभर सोडवली. पोरीचे केस आता लांबसडक आहेत.

सुंद्राबाई २०२१ ला गेली. तेव्हा अनुदान महिन्याला १००० रुपये झालं होतं. १५०० होईपर्यंत ती राहिली नाही.

ती राहायची ती खोली देवळामागे, पत्र्याची, कुडाच्या भिंतीची. जागा देवस्थान इनाम, वर्ग ३. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचंच नाव असतं, पुजारी फक्त वहिवाटदार. त्या गावच्या सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी 'श्री यल्लमा देवी' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे, तलाठ्याच्या सुंदर अक्षरात. म्हणजे सरकारदप्तरी देवी जमिनीची मालकीण असू शकते. सुंद्राबाईच्या अर्जात मात्र तिचं नाव मी चालवून घेतलं नाही, आडवी रेघ मारली. ती गेल्यावर खोली मोकळी करायला सांगण्यात आलं. मुलीने भांडी आणि डोक्यावर घ्यायचा देवीचा जग नेला, पत्रे तिथेच राहिले.

मद्रासच्या १९२९ च्या कलमाचं मी मराठी केलं. आधी सरळ भाषांतर करून पाहिलं, पण ते कुणाला कळलं नसतं. मग जुन्या सवयीने वहीत फेरफाराचा नमुना आखला, डाव्या बाजूला अनुक्रमांक, मधे हक्काचे स्वरूप, उजवीकडे शेरा. आणि लिहिलं :

'सदर मिळकत श्री यल्लमा देवी देवस्थानकडील असून, देवीचे सेवेचे अटीवर वहिवाटीस होती. सेवेची अट रद्द झालेने, मिळकत वहिवाटदार यांचेकडून काढून न घेता त्यांचेच नावे विनाअट दाखल केली. देवळामागील पत्र्याची खोली एक. कब्जेदार : सुंद्राबाई. आईचे नाव : तिच्या आईचे.'

वडिलांच्या नावाचा रकाना मी आखलाच नाही.